सायंटिफिक व्हिज्युअलायझेशनकडे वळणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या चित्रफिती मिळाल्या. उपयोजित कलेची पदवी घेऊन विद्यापीठाच्या डिजिटल माध्यम प्रयोगशाळेत सायंटिफिक व्हिज्युअलायझेशनचे, म्हणजे वैज्ञानिक डेटाची चित्रे उभी करण्याचे काम करण्याची तुझी इच्छा आहे, आणि त्यासाठी चित्रपटांतल्या दृश्यपरिणामांचे हुडिनी हे सॉफ्टवेअर आधी शिकावे की वैज्ञानिक डेटा चित्ररूपात दाखवणारे पॅराव्ह्यू, असे तू विचारले आहेस. याचे उत्तर सोपे आहे. पॅराव्ह्यू विनामूल्य मिळते, ते उतरवून घे आणि त्यावर हात बसव; हुडिनीची घाई नाही. मात्र तुझ्या फिती पाहिल्यावर तुझी अडचण सॉफ्टवेअरची नाही असे माझे मत झाले, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

मुंबईच्या पावसाची फीत मी पुन्हा लावून पाहिली. ढग उत्तम जमले आहेत आणि प्रकाशयोजना तर जाणत्या हाताची आहे. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत निळा रंग हळूहळू गडद होत जातो, तो कोणत्या आकड्यांवरून आला, हे मात्र फितीत कुठेच कळत नाही. पार्श्वसंगीत तेवढे आहे. (शोरीलला, म्हणजे आपल्या कामाच्या नमुना-फितीला, संगीत लावण्याची प्रथा कोणी पाडली कोण जाणे, पाहणाऱ्याच्या शंका त्यात वाहून जातात एवढे खरे.)

26 जुलै 2005 चा प्रलय तुझ्या पिढीने ऐकलेलाच असणार. 27 तारखेच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच अवधीत कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर. दोन्ही केंद्रांमधले सरळ अंतर सुमारे 24 किलोमीटर. आता एवढ्या दोनच नोंदी संगणकाला देऊन नकाशा रंगवायला सांगितले, तर तो निमूटपणे मधली जागा भरून काढतो आणि सरळ रेषेच्या हिशोबाने परळ-दादरच्या आसपास साधारण 508 मिलिमीटर पाऊस दाखवून मोकळा होतो. हा आकडा कोणीही मोजलेला नाही. दोन संख्यांची बेरीज करून निम्मे केले की तो येतो, आणि तरीही पडद्यावर तो सांताक्रूझच्या प्रत्यक्ष मोजलेल्या पावसाइतकाच ठाम दिसतो. त्या दिवशी मुसळधार पावसाचा जोर उपनगरांवर होता. त्याची कड नेमकी कुठे संपली, हे दोन पर्जन्यमापकांवरून सांगता येणारच नाही.

वेळेच्या बाबतीतही तेच. त्या 944 मिलिमीटरपैकी बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. हाताशी केवळ 24 तासांची बेरीज असताना तू जर फितीत पाणी सकाळपासून एकसारखे चढत जाताना दाखवलेस, तर ज्यांनी ती संध्याकाळ लोकलच्या रुळांवरून चालत काढली त्यांना ते लगेच खटकेल. ज्यांनी ती पाहिली नाही, ते मात्र तुझ्यावर विश्वास ठेवतील, आणि मला काळजी या दुसऱ्यांची आहे.

यावर उपाय आहेत आणि ते चित्रकाराच्याच हातातले आहेत. मोजमापाची ठिकाणे नकाशावर ठिपक्यांनी दाखवावीत. जिथे नोंद नाही तो भाग कोरा सोडावा किंवा रेघांनी भरावा, म्हणजे तो अनुमानाचा आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळेल. 2005 नंतर महापालिकेने शहरभर, अनेक ठिकाणी अग्निशमन केंद्रांवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यामुळे आज तुला दोनावर भागवण्याची गरज नाही. रडारचा डेटा मिळाला तर उत्तमच, पण रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतणाऱ्या लहरींची तीव्रता मोजते, आणि तिच्यावरून पावसाचा अंदाज एका सूत्राने बांधला जातो, हे ध्यानात ठेव. ते सूत्र कोणते वापरले, हे डेटा देणाऱ्याला विचारायला संकोचू नकोस. चित्रावर काम करणाऱ्याने असले प्रश्न विचारले की शास्त्रज्ञ आधी चकित होतात आणि मग खुर्ची पुढे सरकवतात, असा माझा अनुभव आहे.

वैद्यकीय चित्रांत ही निवड आणखी नाजूक होते. सीटी स्कॅनमधून उभी राहिलेली त्रिमित कवटी पाहून लोक थक्क होतात, परंतु स्कॅनरकडून आपल्याला मिळतात ते बारीक बारीक घनांचे आकडे: पाण्याला 0, हवेला उणे 1000 आणि हाडाला काही शेकड्यांपासून वर. 1987 साली विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी मांडलेली मार्चिंग क्यूब्ज ही पद्धत यांतला एक आकडा घेते आणि तो जिथून जिथून जातो तिथून पृष्ठभाग ओढत नेते. तो आकडा कोणी निवडायचा? बहुतेक वेळा माउस ज्याच्या हातात असतो तोच निवडतो. आकडा जरा वर सरकवला की डोळ्याच्या खोबणीच्या पातळ हाडाला भोक पडलेले दिसते, खाली आणला की ते बुजते. ते भोक रुग्णाचे आहे की आपल्या निवडीचे, हे शल्यचिकित्सकाला कळायला हवे, म्हणून आकडा चित्राखाली छापायचा. आकडा आणखी खाली, त्वचेपर्यंत नेला तर रुग्णाचा चेहराच समोर येतो. फाइलमधले नाव पुसले म्हणजे ओळख पुसली गेली असे नाही. असा डेटा घरच्या लॅपटॉपवर नेऊ नकोस आणि शोरीलमध्ये तर लेखी परवानगीशिवाय मुळीच घालू नकोस.

उंची वाढवून दाखवण्याबद्दल तू विचारले आहेस, त्याला माझी हरकत नाही. शुक्रावरच्या मात मॉन्स या ज्वालामुखीचे नासाने मॅगेलन यानाच्या रडार-नोंदींवरून केलेले एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात उंची 22.5 पट ताणलेली आहे, आणि चित्राखालची ओळ न वाचणाऱ्यांच्या मनात शुक्र म्हणजे सुळक्यांचा ग्रह असाच ठसला. पण ताणल्याशिवाय चालत नाही, अशीही उदाहरणे आपल्या दारात आहेत. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय येथे पाणी अवघे 75 मीटरच्या आसपास खोल आहे. तिथपर्यंतच्या समुद्राचा छेद एक मीटर रुंदीच्या कागदावर खऱ्या प्रमाणात काढायचा म्हटला, तर ही सगळी खोली अर्ध्या मिलिमीटरमध्ये संपते. त्यात कोणाला काही दिसायचे नाही. तेव्हा खुशाल ताण, पण किती पट ते चित्रातच, वाचता येईल अशा अक्षरांत लिही.

रंगांचे थोडक्यात सांगतो. इंद्रधनुष्यी रंगपट्टी वापरू नकोस. तिच्यातला पिवळा पट्टा विनाकारण उठून दिसतो आणि डेटात नसलेली सीमारेषा डोळ्यांना भासते. लाल-हिरवा न ओळखणाऱ्यांची पंचाईत होते ती वेगळीच. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने 2017 साली जेट ही जुनी, इंद्रधनुष्यी मूळ रंगपट्टी बदलून विरिडिस ही नवी आणली ती याच कारणांसाठी.

देवनागरीकडे मात्र नीट लक्ष दे, कारण तिथे तुझ्यावाचून कोणी लक्ष देणार नाही. आलेख काढणारी कित्येक सॉफ्टवेअर्स आपली अक्षरे नीट जुळवत नाहीत. ‘मिलिमीटर’ लिहिले की पहिल्या दोन वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटतात आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले राहतात. अक्षरे वेगळ्या थरात, ती नीट बसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावीत आणि छापण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावीत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात शाळेच्या सहलीतून आलेला मुलगा तुझा फलक वाचणार असेल, तर मोडकी वेलांटी त्याला आधी दिसेल आणि विज्ञान नंतर.

विद्यापीठाची प्रयोगशाळा निवडताना तिथले संगणक किती शक्तिशाली आहेत, यापेक्षा तिथे शास्त्रज्ञ आणि चित्रकार एका टेबलाशी बसतात का, हे पाहा. मुंबईत दोन्ही बाजूंची परंपरा मोठी आहे: जे. जे. कला महाविद्यालय 1857 सालचे, टीआयएफआर ही मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था 1945 ची, पवईच्या आयआयटीतली आयडीसी ही डिझाइनची शाखा 1969 ची आणि माणखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 चे. या संस्था शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत, तेव्हा दोन्हीकडे पाय ठेवायचा तर लोकलचा पास काढावाच लागेल. जाहीर व्याख्यानांना जा. भेट मिळाली तर ‘काय दाखवू?’ असे विचारण्याऐवजी ‘या डेटात तुम्हाला खात्री कशाची नाही?’ असे विचार, आणि उत्तर शब्दशः लिहून घे.

शेवटची बाब व्यवहाराची आहे आणि ती तुला कोणी आपण होऊन सांगणार नाही. काम सुरू होण्यापूर्वीच शोधनिबंधात आपले नाव सहलेखक म्हणून येणार की आभारात, आणि मानधन किती, हे ईमेलवर ठरवून घे. तोंडी आश्वासन प्रकल्पाबरोबरच संपते. तू रंगपट्टी निवडलीस, आकडा ठरवलास, कोरा भाग कोरा ठेवलास, तर ते संशोधनातले निर्णय आहेत, आणि ‘ग्राफिक्सवाली’ म्हणून बोळवण होत असेल तर ते शांतपणे, प्रत्येक निर्णयाची तारीखवार नोंद पुढे ठेवून सांगता यायला हवे. त्यासाठी नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेव.

पुढच्या महिन्यात दुपारनंतर केव्हाही ये. सकाळी सगळी यंत्रे रेंडरला, म्हणजे अंतिम चित्रे तयार करायला, लागलेली असतात. येताना पावसाच्या फितीच्या मूळ फाइली आण.

कळावे.
तुझा हितचिंतक