पहाटेचं दूध, कालची तारीख: टाइमस्टॅम्पची प्रश्नोत्तरे

राजारामपुरीतनं: अ‍ॅपमधनं जावास्क्रिप्टनं आलेला टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळ सांगणारा तो लांबलचक आकडा, पायथनमध्ये (दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा) टाकला की वर्ष ५५८४० म्हणून एरर येतोय. काय भानगड आहे?

आकडे मोज की भावा, १३ भरतील. पायथनला १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासनं मोजलेले सेकंद पाहिजेत आणि जावास्क्रिप्ट देतंय मिलिसेकंद, १००० नं भागलं की झालं. १७००००००००००० चे १७०००००००० होतील, म्हणजे आपल्याकडं १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३:२०. पायथनचं कॅलेंडर ९९९९ सालाला संपतं म्हणून ते निदान ओरडतंय तरी. उलटी चूक जास्त वाईट, सेकंद तसेच जावास्क्रिप्टला दिलेस तर ते गुपचूप २० जानेवारी १९७० दाखवून गप्प बसतंय.

गडहिंग्लजकडची दूध संस्था: संकलन पहाटे ५ ला सुरू होतं. १ आणि ११ तारखेला पहिल्या काही सभासदांचं दूध मागच्या दहा दिवसांच्या बिलात पडतंय, उशिरा येणाऱ्यांचं मात्र बरोबर. माझ्या लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट नीट चालते.

लॅपटॉपवर चालते यातच उत्तर आहे बघा. आकड्याची तारीख करणाऱ्या पायथनच्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला झोन, म्हणजे कुठली वेळ धरायची ते, सांगितला नाही की तो ज्या मशीनवर चालतोय तिथलं घड्याळ धरतो, तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि सर्व्हर बहुतेक यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर, साडेपाच तास मागं. ११ तारखेला पहाटे ५:१० ला घातलेलं दूध सर्व्हरला १० तारखेच्या रात्री ११:४० चं दिसतंय. साडेपाचनंतर आलेल्यांची वेळ चुकते पण तारीख वाचते, म्हणून त्यांची तक्रार नाही. खरं तर हे रोजच होत असणार, बिल बदलतं त्या दिवशी फक्त ओरड होते.

आता लगेच १९८०० सेकंद मिळवून मोकळं व्हावंसं वाटेल, तसलं करू नका. मी एका संस्थेत हेच केलेलं, पुढं कुणीतरी सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं आणि साडेपाच तास दोनदा मिळाले, संध्याकाळी साडेसहानंतरचं सगळं दूध दुसऱ्या दिवशी गेलं आणि सभासद दारात. डेटाबेसमध्ये आकडा आहे तसाच ठेवा, तो कोल्हापुरात आणि लंडनमध्ये एकच असतो. दाखवताना आणि तारखेप्रमाणं बेरीज करताना झोनइन्फो या पायथनच्या झोन लायब्ररीमधला 'एशिया/कोलकाता', म्हणजे भारतीय वेळ, द्या, पायथन ३.९ पासनं तो आतच आहे, विंडोजवर झोनच्या माहितीचं टीझेडडेटा पॅकेज वेगळं घालावं लागतं.

जुन्या कोडमध्ये पायटीझेड ही झोनची जुनी लायब्ररी असेल तर अजून एक गंमत. तिचा झोन थेट डेटटाइमला, म्हणजे पायथनच्या तारीख-वेळेला, चिकटवला की साडेपाचऐवजी ५ तास ५३ मिनिटांचा फरक लागतो. ही कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. तिथं झोन लावायला तिचंच लोकलाइज फंक्शन वापरायचं. त्या हिशोबानं कोल्हापूरची सूर्याची वेळ घड्याळाच्या साधारण ३३ मिनिटं मागं येते, पण ते दूध बिलात कोण मागणार!

शिरोळ: उसाच्या काटा पावतीवर १५/४३/२०२३ अशी तारीख छापून आली, गाडीवाला हसायला लागला.

हसणारच की! तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या कोडमध्ये पर्सेंटपुढं मोठा एम घातलाय तुम्ही, तो मिनिटाचा, महिन्याला छोटा एम. वजन कधीतरी ४३ व्या मिनिटाला झालंय एवढं मात्र पावतीनं खरं सांगितलं. टेस्टिंग दहा वाजून अकरा मिनिटांनी केलं तर ही चूक नोव्हेंबरमध्ये दिसतच नाही.

शाहूपुरी: जुनं संकलन एक्सेलमध्ये आहे, पायथननं वाचलं की तारखेच्या जागी ४५०००.२५ येतंय. टाइमस्टॅम्प कसा करू?

हे सेकंद नव्हेत, दिवस आहेत. ३० डिसेंबर १८९९ मध्ये ४५००० दिवस मिळवले की १५ मार्च २०२३ येतं, आणि .२५ म्हणजे पाव दिवस, सकाळचे ६. नेटवर २५५६९ (तिथपासनं १ जानेवारी १९७० पर्यंतचे दिवस) वजा करून ८६४०० (दिवसाचे सेकंद) नं गुणा असं सापडेल, गणित बरोबर आहे पण त्यात ही वेळ यूटीसी धरलेली असते. एक्सेलला झोन कळतच नाही, तुमच्या क्लार्कनं भिंतीवरचं घड्याळ बघून टाकलेली वेळ आहे ती. म्हणून आधी तारीख-वेळ तयार करा, तिला कोलकाता झोन लावा, मग टाइमस्टॅम्प काढा, नाहीतर सकाळी ६ चं दूध नव्या रिपोर्टमध्ये साडेअकराला आलेलं दिसंल.