सरकार बदललं किंवा कायदा बदलला तर एचआरच्या कामात खरंच फरक पडतो का? (बडोदा)

हो पडतो, आणि सगळ्यात आधी पगारपत्रकात दिसतो. मी मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) हेच काम बघतो म्हणून सांगतो. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने नोटिफिकेशन काढून कारखान्यांना १२ तासांची पाळी चालवायची सूट दिली आणि ओव्हरटाइम डबलऐवजी साध्या दराने, मग १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द करून फरकाचे पैसे द्यायला लावले, म्हणजे आधी हिशोब एका पद्धतीने करा आणि मग सगळा उलटा, डोक्याला ताप नुसता. दुसरं म्हणजे कामगार कपातीला सरकारची परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ३०० पासून, त्यामुळे २०० माणसांच्या युनिटमध्ये युनियनशी बोलायचा एचआरचा सूरच बदलतो (माझ्या मते कामगारांच्या तोट्याचाच). फक्त एक, ही परवानगीची अट कारखाने, खाणी, मळे यांनाच आहे. तुम्ही अलकापुरीतल्या एखाद्या आयटी ऑफिसात असाल तर तिथे राजकारणापेक्षा तुमचं अपॉइंटमेंट लेटर जास्त चालतं, नोटीस पिरियड वगैरे तेच आधी वाचा.