‘नॉर्मल’ शिक्का विसर, आधी एअर फिल्टरचा डबा उघड

तू इथे टाकलेला, गाडीच्या वापरलेल्या इंजिन तेलाचा लॅब रिपोर्ट दोनदा वाचला. मी वयाने थोरला, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो: १.० लिटरचं डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल, स्टेज १ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं), ५डब्ल्यू-४० तेल ६२०० किलोमीटर चाललेलं, मध्ये ७०० मिलि टॉप-अप. बेळगावात रोज टिळकवाडी ते उद्यमबाग, रविवारी जांबोटीकडे शेतावर, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा. लोखंड २४, ॲल्युमिनियम १३, सिलिकॉन ३४, तांबं ६, शिसं १ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). १०० अंशाला व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ११.२ (नवीन तेलाची १४.१), फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ पेट घेते ते तापमान, १७८ (नवीन २२६), टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची तेलात उरलेली ताकद, ५.१. लॅबने खाली ‘नॉर्मल’ मारलंय आणि तू विचारतोयस की रिमॅपमुळे बेअरिंग जातायत का, १०डब्ल्यू-६० हे जास्त घट्ट तेल टाकू का.

‘नॉर्मल’चं आधी सांगतो. मी उद्यमबागेत प्रेसच्या मेंटेनन्सवर आयुष्य काढलंय, हायड्रॉलिक आणि कॉम्प्रेसरच्या तेलाचे नमुने सतत पाठवत आलोय. या औद्योगिक लॅबचे तक्ते बहुतेक ट्रक आणि जनरेटरच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर बेतलेले असतात. तिथे लोखंड २४ म्हणजे काहीच नाही. तुझ्या चार लिटर तेलाच्या इंजिनाला तो शिक्का लावून उपयोग नाही. आकडा हजार किलोमीटरमागे काढ आणि टॉप-अपच्या नव्या तेलामुळे धातूंचे आकडे कमी दिसतात हेही धर. लोखंड हजारामागे साधारण चार पडतंय, टॉप-अप धरून थोडं जास्त. रिमॅप केलेल्या गाडीला हे ठीक आहे, पण एका रिपोर्टवर कौल देता येत नाही. याच तेलाचे, याच गाडीचे तीन रिपोर्ट झाले की मग बोलू.

बेअरिंग जात असल्याची खूण यात मला दिसत नाही. मात्र ‘शिसं १, म्हणजे बेअरिंग झकास’ असंही समजू नकोस. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत बेअरिंग शिशाविना बनतात, ती झिजली तरी शिसं वाढणारच नाही. तुझ्या रिपोर्टात कथिलाचा रकानाच नाही, पुढच्या वेळी मागून घे. तांबं ऑइल कूलरमधूनही येतं आणि टर्बोच्या बुशमधूनही, सहाला घाबरू नकोस. शिवाय लॅबच्या धातू मोजायच्या मशीनला साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण दिसतात. बेअरिंगचे पापुद्रे सुटले तर ते त्याहून मोठे असतात, रिपोर्टात येतच नाहीत. त्यासाठी जुना ऑइल फिल्टर कापून कागद उलगडून बघ. करवतीने कापू नकोस, तिचाच कीस आत पडतो आणि मग रात्रभर झोप नाही. पाइप कटर मारायचा.

मला खरी काळजी वाटते ती सिलिकॉनची. ३४. ते धुळीतून येतं, नाहीतर सीलंटमधून. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) नुकतं उघडून सिलिकॉन सीलंट लावलं असेल तर सिलिकॉन एकटंच वाढतं आणि दोन-तीन तेल बदलांत उतरतं. तुझं ॲल्युमिनियमही बरोबर वर आलंय, म्हणजे हा धुरळा. परदेशी तक्ता बघून लोक तुला सांगतील, ॲल्युमिनियम १३ म्हणजे पिस्टन घासतोय. त्यांना आपली माती माहीत नाही. जांबोटी-खानापूर पट्ट्यातली तांबडी जांभ्याची माती म्हणजे जास्त करून लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. यमनापूरच्या कारखान्यात ज्या बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात, त्याच कुळातली. ती इंजिनात गेली की ॲल्युमिनियम मातीतूनही येतं आणि पिस्टनमधूनही. रिंगा-सिलिंडर घासले जातात ते वेगळंच. निपाणीकडच्या काळ्या रानात फिरणाऱ्या गाडीशी तुझे आकडे जुळवत बसू नकोस.

रिमॅपबरोबर तेल लावून वापरायचा कापडी ‘लाइफटाइम’ फिल्टर बसवलास का? बसवला असशील तर काढ. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे जाणाऱ्या गाडीला साधा कागदी फिल्टरच बरा, वेळेवर बदलायचा. माझ्या आधीच्या गाडीत सिलिकॉन असंच वाढलं होतं. मी फिल्टर बदलला, ब्रँड बदलला, काही फरक नाही. शेवटी कळलं की एका गॅरेजात डब्याचा एक स्क्रू लावायचाच राहिला होता आणि झाकण एका कोपऱ्यात उचललेलं होतं. तपासायला काही लागत नाही. फिल्टरच्या पुढे, टर्बोकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरव. तांबडं निघालं की चोर सापडला.

आता व्हिस्कॉसिटी. ४० ग्रेडची खालची मर्यादा १२.५, तू ११.२ वर, म्हणजे तेल ३० ग्रेड होऊन बसलंय. थोडा भाग तेलाला घट्ट ठेवणारं पॉलिमर तुटण्याचा असेल, पण फ्लॅश पॉइंट १७८ पर्यंत उतरलाय त्याअर्थी पेट्रोल मिसळतंय. रोजच्या चार किलोमीटरमध्ये तेल धड गरमच होत नाही, पेट्रोल खाली उतरून साठतं. पण तू लिहिलंयस की नमुना गोव्याहून आल्या आल्या, गरम इंजिनातून काढला. तेवढ्या लांब पल्ल्यात साठलेलं बरंच पेट्रोल उडून जायला हवं होतं, इथेनॉल तर आधी. तरीही १७८? मग एकट्या छोट्या फेऱ्यांवर खापर फोडता येत नाही. मॅप जास्त रिच आहे (गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतोय), इंजेक्टर गळतोय, किंवा हाय प्रेशर पंपाच्या सीलमधून पेट्रोल खाली येतंय, यातलं एखादं. डिपस्टिकवर पातळी न भरता वाढत होती का, ते आठव.

म्हणून १०डब्ल्यू-६० नको. पेट्रोल येतच राहिलं तर तेही पातळ होणार, आणि तोवर थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ घेणार. ५डब्ल्यू-४० च ठेव, डब्यावर एचटीएचएस (खूप गरम आणि दाबाखाली असताना टिकणारा घट्टपणा) किमान ३.५ वालं एसीईए सी३ किंवा ए३/बी४ हे युरोपीय मानक बघ, आणि जोडीला अमेरिकेचं एपीआय एसपी. एसपी हे २०२० चं मानक आहे, त्यात कमी आरपीएमवरच्या प्री-इग्निशनची, म्हणजे ठिणगीआधीच पेट घेण्याची, चाचणी असते. रिमॅपनंतर टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो, मग चोर्ल्याच्या चढाला पाचव्या गिअरमध्ये १६०० आरपीएमवर पाय दाबायचा मोह होतो. तिथे कुठलंही तेल वाचवणार नाही, गिअर उतरव. टीबीएन ५.१ ठीक आहे, पण तेल पेट्रोलमुळे बिघडतंय तोवर ५००० ला बदल.

नमुन्याची बाटली कोरी, कोरडी घे. मी एकदा घाईत मीठ-लिंबू सरबताची बाटली विसळून वापरली. सोडियम एवढं आलं की हेड गॅस्केट गेलं समजून कूलंट उपसत बसलो. घरी अजून त्यावरून चिडवतात. नमुना तेल निम्मं वाहून गेल्यावर मधल्या धारेतून घ्यायचा. आणि नव्या तेलाचाही एक नमुना पाठव, डेटाशीटवरचा आकडा आणि हातातला डबा नेहमी जुळतातच असं नाही.

पुढच्या आठवड्यात एवढंच कर: डबा तपास, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ओबीडी डोंगल लावून फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. तेल पूर्ण गरम, एसी बंद, आयडलवर. ट्रिम बरंच ऋण दाखवत असेल तर चेंबरमधली पेट्रोलची वाफ पीसीव्हीतून (चेंबरमधली वाफ इंजिनात परत नेणारी वाट) परत आत जातेय. शॉर्ट आणि लाँग दोन्ही आकडे इथे लिही, रिमॅप करणाऱ्या ट्यूनरकडून फुल लोडचा लॉगही (पूर्ण जोरावरच्या नोंदी) माग. मग इंजेक्टर उतरवायचे की मॅपच सुधारून घ्यायचा, ते बघू.