'फ्रीडम फोर्स' ही सुपरहिरोंची स्ट्रॅटेजी गेम मालिका आज परत यावी का?

हो, यावी. आणि जुनाच गेम रंगरंगोटी करून नको, नवा तिसरा भाग हवा.

इरॅशनल गेम्सने दोनच भाग काढले, 2002 आणि 2005 मध्ये. पुढे याच स्टुडिओने 'बायोशॉक' केला आणि ही मालिका मागे पडली. सिडकोतल्या सायबर कॅफेत आम्ही पहिला भाग खेळायचो, तेव्हा सगळ्यात आवडायचं ते हे: ऐन मारामारीत खेळ थांबवायचा, प्रत्येक हिरोला काय करायचं ते सांगायचं, मग पुन्हा सुरू. विजेचा खांब उपटून हाणता यायचा, गाड्या उचलून फेकता यायच्या. रस्त्यावरची प्रत्येक वस्तू म्हणजे हत्यार! 1960 च्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्सचा तो भडक, भाबडा थाटही गेमने मनापासून जपला होता.

आज ही जागा रिकामीच आहे. 2022 चा 'मार्व्हल्स मिडनाइट सन्स' चांगला आहे, पण तो पत्त्यांवर आणि आळीपाळीच्या चालींवर चालतो. ती मजा वेगळी.

माझ्या दोनच अटी. साध्या लॅपटॉपवर चालला पाहिजे, कारण आमच्या नाशकात बहुतेक पोरांकडे तेवढंच असतं. आणि स्वतःचा हिरो घडवायची सोय काढू नये. पहिल्या भागाला चाहत्यांनी इतकी वर्षं जिवंत ठेवलं ते त्याच जोरावर. पंचवटीतल्या एखाद्या पोराला गोदाघाटावरचा हिरो बनवता आला, तर मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.