‘त्याचं सगळं छान चाललंय, मग माझ्या प्रार्थनेचं काय?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत हा प्रश्न नेहमी निघतो. फसवणारा मजेत आहे, फसलेला झुरतोय, आणि बायबल तर सांगतं की दुष्टांची भरभराट टिकत नाही. मग याची कशी टिकली?

पुण्यातल्या एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वडील मृत्युपत्र न करता वारले. वाघोलीला त्यांची जमीन होती. ‘पुढे विकताना तुला धावपळ नको’ म्हणत भावाने ताईंची एका कागदावर सही घेतली. ते हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त होता, हे त्यांना अलीकडे सातबारा काढल्यावर कळलं. तोवर अर्धी जमीन बिल्डरकडे गेली होती, भावाचा बंगला उभा राहिला होता. रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरवायला तोच. ताईंनी प्रभुभोजन घेणं बंद केलं. रात्री झोप नाही. अंथरुणात पडल्या पडल्या भावजयीचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघत राहायच्या.

दुसऱ्या भेटीला त्यांनी बायबल आणलं आणि स्तोत्र ३७ उघडून माझ्यापुढे ठेवलं. थोडक्याच वेळात दुष्ट नाहीसा होईल, या दहाव्या ओवीशेजारी समासात पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. सगळ्या ३१ डिसेंबरच्या. भाऊ पूर्वीपासूनच त्यांना पाण्यात पाहायचा, त्यामुळे वॉच नाइटच्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेहून घरी आलं की दरवर्षी त्या एक तारीख टाकायच्या. ‘मॅडम, अजून किती थोडा वेळ?’ त्यांनी विचारलं.

‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ हे वाक्य त्यांना नातेवाइकांनी, चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी ऐकवून झालं होतं. मी ते म्हटलं नाही. दुखावलेल्या माणसाला हे ऐकवणं मला क्रूर वाटतं, आणि बायबललाही ते मान्य नसावं. दुष्टांचा आनंद घटकाभराचा, असं ईयोबाच्या पुस्तकात २० व्या अध्यायात म्हणतो तो ईयोबाचा मित्र सोफर. राखेत बसलेल्या, मुलं गमावलेल्या ईयोबाला तो हे सुनावतो. पुढच्याच अध्यायात ईयोब उलट विचारतो, दुष्ट म्हातारे होईपर्यंत जगतात, त्यांची घरं निर्धास्त असतात, ते कसं? आणि ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो सोफर आणि त्याच्या सोबत्यांवर. संदेष्टा यिर्मयाही त्याच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात देवाला न्यायी मानूनच त्याच्याशी वाद घालतो. तेव्हा ताईंची तक्रार म्हणजे अविश्वास नव्हता. हे ऐकून त्या कितीतरी वेळ रडल्या.

मग आम्ही स्तोत्र ७३ वाचलं, आसाफ या स्तोत्रकाराचं. त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितलं. चौथ्या ओवीपासून बाराव्या ओवीपर्यंत फक्त ‘ते’: ते धष्टपुष्ट, ते गर्विष्ठ, त्यांना कसली चिंता नाही. तेराव्या ओवीत तो म्हणतो, मी उगाचच मन शुद्ध ठेवलं. सतराव्या ओवीत तो देवाच्या मंदिरात जातो आणि त्याला त्यांचा शेवट उमजतो. त्यांची पावलं निसरड्या जागी आहेत, हे त्याला दिसतं. पण कोणाचं काय झालं, कोण कधी कोसळलं, हे आसाफ एका शब्दाने सांगत नाही. तेविसाव्या ओवीपासून बोलणं ‘तू’ आणि ‘मी’ यांचं होतं: तू माझा उजवा हात धरला आहेस.

‘आजच्या तासात आपण कोणाबद्दल बोललो?’ मी विचारलं.

‘त्याच्याबद्दल,’ ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘प्रार्थनेतसुद्धा त्याच्याबद्दलच बोलते मी.’

माझं ठाम मत असं आहे की दुष्टाची भरभराट क्षणिक आहे ही शिकवण खरी आहे, पण ती पीडिताला दुसऱ्याच्या पडण्याची वाट बघत बसवण्यासाठी दिलेली नाही. पहारा देणारा माणूस पहाऱ्यातच अडकतो. ताईंनी स्टेटस म्यूट केले. समासात तारीख टाकण्याऐवजी देवाला स्वतःच्या शब्दांत, सगळ्या संतापासकट लिहायला लागल्या. झोप हळूहळू सुधारली.

आणि मी त्यांना वकिलाकडे पाठवलं. ‘देवावर सोडलंय ना?’ म्हणून त्या कचरत होत्या. पण लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाचा दरवाजा ठोठावत राहते आणि येशू तिचंच उदाहरण देतो. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलगा-मुलगी यांना सारखाच हिस्सा मिळतो. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षं मिळतात. नुसती वाट बघण्यात ही मुदत उलटून गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून या बाबतीत मी आग्रही असते. ताईंचा दावा आता शिवाजीनगर कोर्टात आहे. निकाल लागलेला नाही.

मध्यंतरी भावाची अँजिओप्लास्टी झाली. मंडळीतल्या एकीने फोन करून ‘बघ, देवाने दाखवलं’ असं सांगितलं. तुझा शत्रू पडला तर आनंद करू नको, हे नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायातलं वचन ताईंनी तिला तिथल्या तिथे ऐकवलं. दवाखान्यात जावं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मन तयार नव्हतं, मी आग्रह केला नाही. त्यांनी भावजयीला फोन केला, तब्येत विचारली, डबा पाठवू का म्हणाल्या. दावा मागे घेतला नाही.