वयाच्या चोविसाव्या वर्षी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे हार मानणे आहे का?

तुमचे वय २४, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ४३, डॉक्टरांनी स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे आणि वडील म्हणतात की आधी मनापासून प्रयत्न कर, शस्त्रक्रिया म्हणजे हार मानणे. स्लीव्ह करावी की बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याची शस्त्रक्रिया) आणि कामावर कधी परतता येईल, असेही तुम्ही विचारले आहे. त्या दोन प्रश्नांविषयी मला जे माहीत आहे ते पुढे लिहितेच. पण मी अडखळले ती ‘हार मानणे’ या शब्दांपाशी, कारण हेच शब्द माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला शस्त्रक्रियेच्या आधी ऐकवले होते, आणि सहा वर्षे झाली तरी ते माझ्या मनातून गेलेले नाहीत.

तेव्हा मी २३ वर्षांची होते. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ११८ किलो. टाइप २ मधुमेहाचे निदान आदल्याच वर्षी झाले होते, आणि झोपेत श्वास अडत असल्यामुळे रात्री तोंडावर यंत्राचा मास्क लावून झोपावे लागत होते. यापैकी कोणतीही गोष्ट प्रयत्नांच्या अभावी घडली नव्हती, हे मी ठामपणे सांगू शकते, कारण त्या प्रयत्नांची नोंद दादाने स्वतःच्या हाताने केलेली आहे. माझ्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तो दर रविवारी सकाळी पेन्सिलने माझे वजन लिहीत असे. मी १७ वर्षांची असताना पहिला आकडा १०४ होता. दादा मला पहाटे पाच वाजता उठवायचा, माझ्याबरोबर स्वतः चालायचा, माझ्या ताटात जे असेल तेच स्वतःच्या ताटात घ्यायचा. सात महिन्यांत तो आकडा ८५ वर आला. त्याच्या खाली दादाने दोन ठळक रेघा ओढल्या होत्या. पुढच्या दीड वर्षात त्याच दारावर ९१, ९८, १०३ आणि १०९ असे आकडे आले. मग दुसरा प्रयत्न झाला, १०९ वरून ९६ पर्यंत. त्यानंतर ११८ पर्यंत वजन कसे गेले ते दारावर लिहिलेले नाही, कारण शंभरी पुन्हा ओलांडल्यावर दादाने लिहिणे सोडून दिले होते.

त्याने हे सगळे प्रेमापोटी केले, याविषयी मला कधीही शंका नव्हती. माझे भांडण त्याच्या प्रेमाशी नव्हते आणि आजही नाही. ८५ किलोवर असताना माझ्या डोक्यात दिवसभर काय चालत असे ते त्याने कधी विचारले नाही, आणि मला ते सांगण्याची लाज वाटत असे. जेवून उठल्यावर हात धुतानाच पुढच्या जेवणाला किती तास उरले हे मी मोजू लागायची. वर्गात फळ्यावरचे वाचताना, कोणाशी बोलताना, अगदी झोपेतून कूस बदलताना अन्नाचा विचार माझ्या मागे लागलेला असे. सगळ्यांनाच असे होते, इतर लोक फक्त माझ्यापेक्षा मनाने खंबीर आहेत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे मी त्या दाराचा फोटो घेऊन गेले होते. दादा सोबत आला होता, परंतु आत आला नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिला. डॉक्टरांनी आकडे पाहिले, दोन रेघांच्या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, “या वजनावर असताना भूक कशी लागत होती?” हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता, आणि उत्तर देण्याआधी मी बराच वेळ रडत होते.

त्यांनी मग जे समजावले ते मी पुढे स्वतःही वाचून पडताळले. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात (त्याचा शोध १९९४ साली लागला) आणि वजन घटले की ते कमी होते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक (शोध १९९९ सालचा) मात्र वाढते. म्हणजे वजन जितके उतरते तितके शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षे उलटून बहुतेकांचे वजन बरेचसे परत आलेले असतानाही, त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. माझ्या कपाटाच्या दारावर हेच लिहिलेले होते, फक्त दादा आणि मी ते माझ्या स्वभावाचे प्रगतिपुस्तक म्हणून वाचत आलो होतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळाच्या आकाराची नळी मागे ठेवतात. काढलेल्या वरच्या भागातच घ्रेलिनचा मोठा वाटा तयार होत असतो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि तृप्ती देणारी आतड्यातली संप्रेरके वाढतात. केवळ पिशवी लहान होते म्हणून माणूस बारीक होतो, हे अर्धवट ज्ञान आहे.

मी हे सगळे दादाला परतीच्या वाटेवर सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “भूक सगळ्यांनाच लागते. तू हार मानलीस.” त्यानंतर शस्त्रक्रियेपर्यंत आम्ही एकमेकांशी कामापुरतेच बोललो.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन आठवडे यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून अत्यंत कमी कॅलरींचा, बहुतांशी पातळ आहार असतो, कारण मोठे झालेले यकृत जठरावर आडवे येते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, पोटावर पाच लहान छिद्रे. टाक्यांपेक्षा मला खांदा जास्त दुखला, कारण पोटात भरलेल्या वायूमुळे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला त्रास होतो आणि ती वेदना खांद्यात जाणवते. त्याच संध्याकाळी चालवले, कारण पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवसापासून औषध मोजायच्या ३० मिलिलीटरच्या पेल्यातून पाणी. तो एवढासा पेला संपवायला मला पंधरा-वीस मिनिटे लागत. यात सोपे काय होते, ते मला कोणी दाखवून द्यावे.

पण मला सांगायची आहे ती सहाव्या आठवड्यातली एक संध्याकाळ. मऊ अन्न नुकतेच सुरू झाले होते. दादा समोर बसून जेवत होता, आम्ही बऱ्याच दिवसांनी नीट बोलत होतो आणि बोलण्याच्या नादात मी एक घास नीट न चावता गिळला. छातीच्या मध्यभागी दगड अडकावा तशी कळ आली, तोंडात लाळ भरून येऊ लागली आणि ती गिळताही येईना. मी बेसिनवर ओणवी होऊन पाऊण तास उभी होते. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून तेवढाच वेळ उभा होता. शेवटी तो घास बाहेर पडला तेव्हा त्याने माझे तोंड पुसले आणि विचारले, “हे असं किती दिवस चालणार?” त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी जाऊन पडले. डोळे उघडले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दुपारपासून पोटात काहीही टिकले नव्हते आणि तरीही माझ्या मनात अन्नाचा विचार आलेला नव्हता. पोटात थोडीशी पोकळी जाणवत होती, पाण्याच्या दोन घोटांनी ती गेली. मी अंधारात बराच वेळ पडून राहिले. दादाला आयुष्यभर जी भूक लागत आली ती अशी असणार, हे मला त्या रात्री प्रथमच कळले. तो जिला भूक म्हणत होता आणि मी जिला भूक म्हणत होते, त्या दोन गोष्टींचे नाव तेवढे एक होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगितले. तो काही बोलला नाही. तो आजही असे मानतो की आणखी एक वर्ष त्याचे ऐकले असते तर शस्त्रक्रियेची गरज पडली नसती. म्हणून तुमच्या वडिलांना एका उत्तराने पटेल, असे खोटे आश्वासन मी तुम्हाला देत नाही.

आता तुमचे प्रश्न. १९९१ सालच्या जुन्या, कडक निकषांनुसारही बीएमआय ४० च्या वर असलेली व्यक्ती या शस्त्रक्रियेस पात्र ठरत होती. २०२२ साली ते निकष शिथिल होऊन इतर कोणताही आजार नसतानाही ३५ ची मर्यादा आली. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी काही अतिरेकी सुचवलेले नाही. स्लीव्ह की बायपास हे मुख्यतः तुमच्या जळजळीवर आणि मधुमेहावर ठरते. छातीत आम्लाची जळजळ आधीपासून असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि बहुधा बायपास सुचवतात. जुना, अवघड मधुमेह असेल तरीही बायपासकडे कल असतो. एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून जठराची तपासणी) झाली नसेल तर तिच्याविषयी आग्रहाने विचारा. बसून करायचे काम असेल तर साधारण दोन ते चार आठवड्यांत परतता येते, मात्र जड उचलणे सहा आठवडे तरी टाळावे लागते.

‘एवढ्या लहान वयात कशाला’ असे तुम्हाला नक्की ऐकवले जाईल, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. किशोरवयात आणि प्रौढपणी बायपास करून घेतलेल्या रुग्णांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच घटले होते, पण मधुमेह आटोक्यात जाण्याचे प्रमाण किशोरवयीनांत ८६ टक्के, तर प्रौढांत ५३ टक्के होते. थांबण्याचीही किंमत असते आणि ती शरीर मोजत असते. त्याच अभ्यासात लहान वयाच्या गटात पोटाच्या पुन्हा शस्त्रक्रिया आणि लोहाची कमतरता जास्त आढळली, हेही तितकेच खरे आहे.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते, हे मला शंभर वेळा सांगितले होते. तिसऱ्या वर्षी प्रकृती उत्तम वाटू लागली आणि मी गोळ्या सोडल्या. आठ-नऊ महिन्यांनी पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना दम लागू लागला, आणि तपासणीत बी १२ व लोह दोन्ही तळाला गेलेले आढळले. रक्ततपासणी दरवर्षी करून घेणे तुम्हाला जमणार नसेल, तर ही शस्त्रक्रिया तुमच्यासाठी नाही, इतके स्पष्ट मी सांगते.

बाकीचेही आधी माहीत असावे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठभर गळतात आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. पोटाची आणि दंडांची कातडी सैल पडते, ती व्यायामाने आवळत नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. तुम्ही स्त्री असाल तर पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि वजन उतरल्यावर ती अधिक सहज राहू शकते, म्हणून बेसावध राहू नका. मद्य पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. स्लीव्हच्या शिवणीतून गळती होण्याचा धोका सुमारे एक टक्का असतो, आणि मृत्यूचे प्रमाण अनुभवी हातांत हजारी एकाच्या आसपास आहे, शून्य नाही. २०२१ पासून वजनासाठी मान्यता मिळत गेलेली सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने मला तेव्हा उपलब्ध नव्हती. तुम्हाला आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी डॉक्टरांशी बोलूनच पुढे जा. ती थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

माझे वजन वर्षभरात ८२ किलोवर आले आणि आज ८८ आहे. मी बारीक झालेले नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत, मास्कचे यंत्र परत केले आहे, आणि जेवून उठल्यावर मी तास मोजत नाही.

वडिलांशी घरी वाद घालत बसू नका. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, आणि मी दादाला बसू दिले तसे बाहेरच्या बाकावर बसू देऊ नका. त्यांची खुर्ची आत मागून घ्या, आणि भुकेचा तो प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला त्यांच्यासमोर विचारू द्या.