वाचकांचे प्रश्न : मैत्रीतलं खासगी, मोबाइलवरचं उघड

प्रश्न : गळ्याजवळच्या गाठीच्या तपासणीबद्दल मी एकाच मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं, रिपोर्टचा फोटोही पाठवला. दुसऱ्याच दिवशी त्याचा स्क्रीनशॉट आमच्या दहावीच्या ग्रुपवर आला. चॅट सुरक्षित असतं म्हणतात, मग हे बाहेर कसं पडलं? आता काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मेसेज वाटेत कोणी वाचला नाही. व्हॉट्सॲपवर 2016पासून असलेलं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात मेसेज पाठवणं, तुमच्या फोनपासून मैत्रिणीच्या फोनपर्यंतच राखण करतं. तिथे चॅट उघडलं की सगळं साध्या अक्षरांत पडद्यावर असतं, आणि साध्या चॅटचा स्क्रीनशॉट घेतल्याची सूचना तुम्हाला येत नाही.

आधी ग्रुपच्या ॲडमिनला फोन करा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. मैत्रीणही 'डिलीट फॉर एव्हरीवन' करू शकते, पण तिला साधारण अडीच दिवसांची मुदत असते. तोवर कुणी तो फोटो पुढे पाठवला असेल, तर ती प्रत राहते, म्हणून हे आजच करा.

मग मैत्रिणीशी बोला. मेसेज नको, फोनच करा, कारण रागात लिहिलेल्या ओळीचाही स्क्रीनशॉट निघतो. बहुतेकदा यात वाईट हेतू नसतो; सगळ्यांना कळलं तर मदत होईल, असंच वाटलेलं असतं. पूर्वी अशी बातमी तोंडी पसरायची, ती सांगणाऱ्याच्या शब्दांत. आता तुमचेच शब्द रिपोर्टमधल्या आकड्यांसकट सगळ्या वर्गापुढे जातात. हा फरक पुष्कळ चांगल्या माणसांच्या ध्यानातच आलेला नाही. तो तिला स्पष्ट सांगायला संकोचू नका, चूक तुमची नाही.

यापुढे अशी गोष्ट शक्यतो बोलूनच सांगा. लिहायचीच झाली, तर पहिल्याच ओळीत 'हे फक्त तुझ्यापुरतं' असं लिहा. एवढ्या एका ओळीने बरंच काम होतं. रिपोर्टचा फोटो 'व्ह्यू वन्स' करून पाठवा : फोटो निवडल्यावर मजकुराच्या चौकटीजवळचं 1 आकड्याचं चिन्ह दाबायचं. तो एकदाच उघडतो, स्क्रीनशॉटही अडवला जातो. दुसऱ्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढला तर मात्र इलाज नाही. 'डिसअपिअरिंग मेसेजेस'मध्ये 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस निवडता येतात, पण ते पुढच्या मेसेजना लागू होतं, जुन्यांना नाही.

प्रश्न : मेसेज वाचून लगेच उत्तर दिलं नाही की मित्र रुसतात. निळ्या खुणा बंद कराव्यात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर करा. सेटिंग्ज, प्रायव्हसी, 'रीड रिसीट्स' बंद. मग इतरांच्या निळ्या खुणाही तुम्हाला दिसणार नाहीत, आणि ग्रुपमध्ये त्या चालूच राहतात. तिथेच 'लास्ट सीन अँड ऑनलाइन' आहे. वरच्या भागात 'नोबडी' निवडून खाली 'सेम ॲज लास्ट सीन' निवडलं नाही, तर तुम्ही ऑनलाइन असल्याचं दिसतच राहतं. बरेच जण नेमकं हे दुसरं विसरतात आणि रात्री अकराला 'जागा आहेस ना?' असा मेसेज येतो. जवळच्या दोघा-तिघांना मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर अचानक खुणा गेल्या की त्यांना वाटतं, आपल्यालाच टाळतोय.

प्रश्न : जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं होतं. नोकरी सोडताना लॉग आउट करायचं राहिलं. तिथे माझे मेसेज दिसत असतील का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : दिसत असू शकतात. फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा (अँड्रॉइडवर वरच्या तीन ठिपक्यांत, आयफोनवर सेटिंग्जमध्ये). प्रत्येक जोडणीपुढे ती शेवटची कधी वापरली ते दिसतं. नावावर टिचकी मारून 'लॉग आउट' करा. मूळ फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडण्या आपोआप तुटतात, पण तुमचा फोन रोज चालू असल्याने त्यावर विसंबू नका. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन इथे उपयोगी नाही. तुमचा नंबर कुणी नव्या फोनवर सुरू करू पाहिला, तर तो पिन विचारला जातो. हातात आलेल्या उघड्या फोनवरून कुणी क्यूआर कोड स्कॅन करून जोडणी करू नये, यासाठी स्क्रीन लॉक हवंच, आणि त्याचा पॅटर्न घरात सगळ्यांना ठाऊक असलेला नको.